साक्षीदार पाय

काकांच्या डाव्या पायाला एरंडेलाचा वास यायचा आणि उजव्या पायाला कशाचाच नाही. भाड्याची खोली बघायला मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ते व्हरांड्यात खुर्चीवर बसून काशाच्या वाटीने डावा तळपाय घासत होते. तेल आणि काशाने तळपाय काळा पडला होता. उजवा पाय मात्र स्वच्छ, कोरडा, शेजारच्या स्टुलावर पाहुण्यासारखा ठेवलेला. आता उजव्याची पाळी येईल, ती झाली की बोलू, असा विचार करून मी दारात उभा राहिलो. उजव्याची पाळी आलीच नाही. त्यांनी वाटी पुसली, डब्यात ठेवली आणि मला विचारलं, "अक्षर कसं आहे तुझं?"

मी म्हणालो, "ठीक आहे."

त्या वर्षी मला कुणी काहीही विचारलं तरी मी ठीक आहे म्हणायचो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. चांदवडजवळच्या आमच्या गावातून नाशिकला आल्यावर कुठल्या प्रश्नाला काय उत्तर देतात हे मला ठाऊक नव्हतं. ठीक आहे म्हटलं की चूक होत नाही, एवढं कळलं होतं.

काकांनी एक वही पुढे केली. "लिही. आज डाव्या पायात फरक नाही."

मी लिहिलं. त्यांनी वही लांब धरून वाचली. "ऱ्हस्व-दीर्घ बरे आहेत. खोली तुझी."

पुढे दोन वर्षं, सुट्ट्या सोडल्या तर रोज, मी त्या वहीत हेच वाक्य थोड्याफार फरकाने लिहीत होतो.

निवृत्त होण्याआधी काका एका शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. मखमलाबाद नाक्याजवळच्या त्यांच्या कॉलनीत सगळे त्यांना सर म्हणायचे आणि ते प्रत्येकाला दुरुस्त करायचे. "सर नाही. सर शिकवायचे. मी बाटल्या धुवायचो आणि आम्लाच्या बाटलीला मुलांचे हात लागू द्यायचो नाही." यात नम्रपणा नव्हता. बाटलीवर चुकीची चिठ्ठी लागलेली त्यांना सहन व्हायची नाही, तसंच हे.

त्यांना बरीच वर्षं मधुमेह होता आणि त्याने पायांच्या नसा दुखावल्या होत्या. आधी मुंग्या यायच्या, मग आग व्हायला लागली. मी गेलो तेव्हा त्यांना कापसाच्या गादीवर चालल्यासारखं वाटायचं. डॉक्टरांच्या गोळ्या होत्या, आणि त्या कधीही चुकवायच्या नाहीत हा वहीच्या पहिल्या पानावरचा पहिला नियम होता, लाल शाईत. पण कॉलनीत पाय दुखतात असं एकदा कळलं की औषधांना तोटा नसतो. कुणी मेथीचं पाणी सांगायचं, कुणी लसणाचं तेल, कुणी लोहचुंबक बसवलेली चप्पल आणून द्यायचं. काका कुणालाही नाही म्हणायचे नाहीत आणि कुणावर विश्वासही ठेवायचे नाहीत. प्रत्येक औषध एकवीस दिवस, फक्त डाव्या पायाला.

"स्टँडमध्ये दोन परीक्षानळ्या असतात," ते सांगायचे. "एकीत औषध घालायचं, दुसरीत नाही. दोघींत फरक पडला तर औषध खरं. दोघी सारख्याच बदलल्या तर हवा बदलली असेल. डावा पाय प्रयोगाचा. उजवा साक्षीदार."

म्हणून ते एका पायात चुंबकाची चप्पल आणि दुसऱ्यात साधी घालून भाजी आणायला जायचे. चुंबकाची चप्पल जाड होती, त्यामुळे चालताना ते एका बाजूला कलायचे. भाजीवाल्या बाईने एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "बाबांना घरात कोणी बघत नाही का रे?"

मेथीच्या पाण्यापुढे त्यांनी मला लिहायला लावलं, 'पोटात गेलेलं औषध एकाच पायाला देता येत नाही. प्रयोग अपात्र.' मिरचीचा लेप दोन दिवसांत बंद झाला, कारण लेपाचा हात डोळ्याला लागला. काशाच्या वाटीचं मात्र त्यांना खरंच अवघड गेलं. एकवीस दिवस झाले, पायात फरक नव्हता, पण झोप छान लागत होती. "आता हे कसं मांडायचं?" ते मला विचारत होते. "झोप काही डाव्या पायाला वेगळी लागत नाही." शेवटी लिहिलं, 'पायात फरक नाही. माणसात आहे. वाटी चालू ठेवावी.' दोन वर्षांत पूर्ण गुण मिळालेलं तेवढं एकच औषध.

पण प्रयोग डाव्याचे असले तरी राखण दोन्ही पायांची व्हायची. सकाळी चहाच्या आधी मी दाढीचा आरसा त्यांच्या तळव्यांखाली धरायचो. ते चष्मा लावून बोटांच्या बेचक्यासुद्धा बघायचे. मग डोळे मिटायचे आणि मी कापसाची वात हलकेच एकेका जागी टेकवायचो. कळलं की ते हो म्हणायचे. कुठे कळलं, कुठे नाही, हे मी वहीतल्या पायाच्या चित्रावर मांडायचो. आधी यासाठी ते केरसुणीची काडी वापरायचे. कामाला येणाऱ्या मावशींनी ती हिसकावून घेतली. "लक्ष्मीला पाय लावता? मग पाय बरे कशाला होतील?" काकांनी त्याच दिवशी देवघरातल्या वातींचं पाकीट आणलं. मावशींशी ते वाद घालत नसत.

फक्त अभिनंदन तेवढं करायचे. मावशींचा अंगठा एकदा उंबऱ्याला ठेचाळला आणि त्या "आई गं" म्हणून खाली बसल्या. आतून काकांचा आवाज आला, "अभिनंदन, मावशी!"

"काय मेलं अभिनंदन! नख गेलं माझं!"

"पण कळलं ना? लगेच कळलं?"

"कळणार नाही तर काय होईल!"

"म्हणून तर," काका म्हणाले आणि हळद घेऊन बाहेर आले. कुणाला चटका बसो, काटा लागो, ते आधी अभिनंदन करायचे, मग औषध द्यायचे. कॉलनीतले लोक यावर चिडायचे. मीही पहिल्यांदा चिडलो होतो.

आणखी एक सवय. पायात काही घालायच्या आधी ते चप्पल उलटी करून तीनदा आपटायचे, आणि मग आत हात घालून तळ चाचपायचे. "पाय खोटं बोलायला लागलेत. हात अजून खरं बोलतात." पाय शेकायचं पाणीसुद्धा आधी कोपराने बघायचे, मग थर्मामीटरने, मगच पाय. आलेल्या माणसांच्या चपलाही ते तपासायचे. माणसं आत सोफ्यावर चहा पीत असायची आणि काका दारात बसून त्यांच्या चपला आपटत असायचे. वीज मंडळाचा मीटर बघणारा एकदा म्हणाला, "आजोबा, चोरलं नाही काही. तुमच्याच घरात आलोय."

आता माझ्या वडिलांचं सांगतो. त्यांना आम्ही आण्णा म्हणतो. त्यांनाही साखर आहे. शेतात कांद्याच्या लागणीत ते दिवसभर वाकलेले असतात, साखरेची गोळी आठवली तर घेतात. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला फोनवर ते म्हणायचे की पायांची लय आग होते, विहिरीच्या पाण्यात पाय सोडून बसावंसं वाटतं. मी म्हणायचो, डॉक्टरला दाखवा. ते बरं म्हणायचे. त्या हिवाळ्यात एकदा फोन आला तो खुशीचा. आग थांबली. बाजारात एका माणसाने जडीबुटीचं तेल दिलं होतं, तीन महिने लावलं, आणि हळूहळू सगळं शांत झालं. मलाही आनंद झाला. हे मी जसं झालं तसं लिहितोय. काकांच्या पायाचं चित्र मी रोज काढत होतो, कळत नाही त्या जागेवर रोज फुली मारत होतो, आणि तरी मला आनंदच झाला. काकांचे पाय वहीतले होते, आण्णांचे घरचे. दोन्ही एकच गोष्ट आहे हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

माघ महिन्यात आण्णा नाशिकला आले. आडगाव नाक्यावर एसटीतून उतरून चालत आले, खांद्यावर कांद्याची गोणी आणि पिशवीत तेलाची एक बाटली, खास काकांसाठी.

"सर, एवढं तेल लावा. पाय बरे हुत्यात."

"सर नाही. लॅब असिस्टंट," काका म्हणाले. पण त्यांचे डोळे चमकले होते. नवीन प्रयोग. त्यांनी मला वही आणायला सांगितली. "किती दिवसांत फरक पडला?"

"तीन म्हयने."

"दोन्ही पायांना लावलं?"

"एकाच पायाला कोण लावतं, सर?" आण्णांनी माझ्याकडे बघितलं. म्हातारा बरा आहे ना, असं त्यांचं बघणं होतं.

"म्हणजे साक्षीदार नाही," काका पुटपुटले. "असो. आता आग होत नाही? काहीच नाही?"

"आग नाय, मुंग्या नाय. परवा काट्यात पाय पडला तरी काय नाय झालं. म्या बोललोय देवीला. आग थांबली तर चैत्रात अनवाणी गडावर येईन. आता जायचं हाय."

आमच्याकडून चैत्रात वणीच्या गडावर पायी दिंडी जाते, दोन दिवसांची वाट. डांबर तापलेलं असतं.

काका उठून दाराशी गेले. मला वाटलं पाणी आणायला निघाले, पण ते आण्णांच्या चपला घेऊन खाली बसले. आण्णा ओशाळले. "अवो सर, ऱ्हाऊ द्या, मातीच्या हायत त्या!" काकांनी एक चप्पल तीनदा आपटली, हात घातला. दुसरी आपटली, हात घातला.

"आई गं! अभिनंदन!" ते स्वतःलाच म्हणाले आणि हसले. मग बोट वर करून बघितलं. बोटावर रक्ताचा ठिपका होता. हसू तिथेच थांबलं. त्यांनी चप्पल माझ्याकडे दिली. अंगठ्याच्या पट्ट्याला गावात खिळा ठोकून घेतला होता, तो सरकून वर आला होता आणि अंगठ्याच्या मुळाशी टोक वर करून उभा होता. भोवतालचं रबर काळपट, चिकट झालं होतं. मग मी फरशीकडे बघितलं. दारापासून सोफ्यापर्यंत आण्णांच्या उजव्या पावलाचा एक-एक पुसट डाग पडला होता.

"आण्णा, पाय बघू."

"काय नाय रे. लागत नाय मला."

"लागत नाय म्हणूनच," मी म्हणालो. मी आण्णांशी अशा आवाजात कधी बोललो नव्हतो.

काकांनी वातींचं पाकीट माझ्या हातात दिलं. "निरीक्षक तू. मी फक्त विचारतो."

आण्णांनी पाय मागे घेतला. पोराने तळव्याला हात लावणं त्यांना पटत नव्हतं, आणि वात देवाची. काका म्हणाले, "देवाचीच आहे म्हणून आणलीय." मग ते बसले, डोळे मिटले, हात मांडीवर. मी वात टाचेला टेकवली. काका म्हणाले, "आता?" "हो." चवड्याला. "आता?" "हो." मला बरं वाटलं. अंगठ्याला. "आता?" "हो, कळलं की."

काकांनी मला खुणेने हात मागे घ्यायला सांगितलं. मी वात हवेत धरली.

"आता?"

"हो."

"आणि आता?"

"हो. अंगठ्यापाशी."

मला पुढे काही करता येईना. आण्णांनी डोळे उघडले. त्यांना त्यांचा पाय दिसला आणि वीतभर दूर माझा हात.

"मला वाटलं ह्याची परीक्षा हाय," आण्णा काकांना म्हणाले. "कालेजची. म्हटलं, माझ्यामुळं नापास नको व्हायला."

काकांनी चष्मा काढून पुसला. मग फार सरळ शब्दांत सांगितलं. "आण्णा, तुमची आग तेलाने गेली नाही. आग सांगणाऱ्या नसाच थकल्या. पाय बरा झाला नाही, मुका झाला. माझे पण मुकेच आहेत. पण मी त्यांना रोज विचारतो. तुम्ही बरं झालं म्हणून विचारायचं सोडलंत." तेलाच्या बाटलीकडे बघून ते म्हणाले, "मलाही कुणी हे दोन्ही पायांना लावायला दिलं असतं तर मीही फसलो असतो."

आम्ही रिक्षाने दवाखान्यात गेलो. काका दोन पायांत एकसारख्या चपला घालून आले, तेव्हा मला भीती वाटली. डॉक्टरांनी जखम उघडली तर आत पू होता. हाडापर्यंत गेला नव्हता. आणखी थोडे दिवस असंच चाललं असतं तर बोट ठेवता आलं नसतं, असं त्या म्हणाल्या. जखम साफ केली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, साखरेच्या गोळ्या नव्याने लावल्या आणि त्या पायावर भार द्यायला मनाई केली. आण्णा पंधरा दिवस माझ्या खोलीत राहिले. सकाळी व्हरांड्यात दोन खुर्च्या, चार तळवे आणि एक आरसा. मावशी म्हणायच्या, "न्हाव्याचं दुकान झालंय."

पाय भरत आला तसं आण्णांनी पुन्हा नवसाचं काढलं. मी काकांना म्हणालो, तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील.

"नाही," काका म्हणाले. "तुमच्या देवीबद्दल माझ्याकडे प्रयोग नाही. ते बापलेकांनी बोलायचं."

मला दोन दिवस लागले. आण्णांचा पाय पुसत होतो तेव्हा मान वर न करता म्हणालो, "अनवाणी मी जातो. तुमच्याऐवजी."

"बोलणं माझं हाय. देवीला चालंल का?"

"तुम्ही अनवाणी गेलात काय आन् जोड्यात गेलात काय, तुम्हाला कळणारच नाय. मग देवीला दिलं काय आपण? मला लागेल. लागलेलं देऊ."

संध्याकाळी आण्णा काकांना विचारत होते, पायमोजे कुठल्या दुकानात चांगले मिळतात.

काका आता ठाण्याला मुलीकडे असतात. जाताना त्यांनी वही मला दिली. पाय कसे आहेत विचारलं की फोनवर म्हणतात, "फरक नाही." त्यांच्या तोंडी ही चांगली बातमी असते. इतक्या वर्षांत त्यांच्या दोन्ही पायांना साधी जखम चिघळलेली नाही, आणि त्यात प्रयोगाच्या पायाचा आणि साक्षीदाराचा निकाल अगदी सारखा आहे. बाटलीतल्या कुठल्याच औषधाने हे केलं नाही, हे त्यांनीच माझ्याकडून लिहून घेतलंय. आरसा, चपलेत घातलेला हात, लाल शाईतल्या गोळ्या आणि न चुकता विचारलेला प्रश्न, एवढ्यानेच झालं. हे आता मी खात्रीने सांगू शकतो. कुणी विचारलं तर ठीक आहे म्हणून थांबत नाही.

त्या चैत्रात दिंडीच्या मागे भांड्यांचा टेम्पो होता. त्यात मागे, फळी उघडी ठेवून आण्णा बसले होते, पांढरे पायमोजे आणि नवे कॅनव्हासचे बूट घालून. गावातले लोक त्यांना सोडत नव्हते. "आण्णा, लगीन हाय का?" "नवरदेव टेम्पोत आन् करवला अनवाणी!" आण्णा हसायचे आणि दर मुक्कामाला सगळ्यांसमोर बूट काढून, आपटून, आत हात घालायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी नांदुरीच्या पुढे घाट लागला. टेम्पो माझ्यापुढे चालीच्या गतीने चढत होता. डांबर पायाला चिकटत होतं. कडेने चालावं तर खडी. मी टाचा उचलून, बोटांवर, पुन्हा टाचांवर असा चाललो होतो आणि डोळ्यांत पाणी येत होतं. आण्णा फळीवरून बघत होते.

"लागतंय का रे?"

माझ्या तोंडावर ठीक आहे आलं होतं.

"लय लागतंय, आण्णा. खडा न् खडा लागतोय."

आण्णांनी टेम्पोच्या कडेला हात धरून पुढे वाकून माझ्या पायांकडे बघितलं. मग जरा लाजत, कधी न उच्चारलेला शब्द एकेक अक्षर जुळवून म्हणाले,

"अभिनंदन."